उखर्डू नानांची अकरा हत्यारं

धुळ्याच्या कचेरीत बंदुकांच्या परवान्याच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली, आणि त्या बावीस वर्षांत एकदाही बंदूक उडवली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. परवाना देणाऱ्याला बंदूक आलीच पाहिजे असा नियम असता, तर जन्ममृत्यूच्या टेबलावर कोण बसला असता? बंदूक म्हणजे काय चीज आहे हे मला थोडंफार कळलं ते एका माणसामुळे, आणि त्या माणसाचं आयुष्यातलं सर्वांत मोठं नुकसान माझ्याच टाकाने झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला बरंवाईट म्हणायला तुम्ही मोकळे.

त्यांचं नाव उखर्डू. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईने जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललेलं मूल. या नावाची माणसं आमच्या खानदेशात गावोगावी सापडतात. मी पाहिलं तेव्हा ते चाळिशीत होते आणि सगळं गाव त्यांना नाना म्हणत होतं. पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी, तिच्यात एक भाता, एक ऐरण, खिडकीजवळ एक पाट. पाटी नव्हती. ज्याची बंदूक बिघडते तो शोधत येतोच, पाटी काय करायची, असं म्हणायचे. उंच, हाडकुळा माणूस, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, उजवा अंगठा ठोकून ठोकून चपटा झालेला. बोलणं पक्कं अहिराणी. फौजदार असो, कलेक्टर असो, नाहीतर दारातला बैल असो, सगळ्यांशी एकच भाषा, आणि आवाजही तोच.

त्यांच्या दोन-चार गोष्टी ठरलेल्या होत्या. दुकानात बंदूक घेऊन कोणी आलं की मालक आधी सांगायचाच, नाना, रिकामी आहे हं. नाना हूं की चूं करायचे नाहीत. बंदूक हातात घ्यायचे, नळी मागच्या मातीच्या ढिगाकडे करायचे आणि स्वतः उघडून बघायचे. एकदा बघायचे, मग बोट घालून बघायचे, मग चष्मा काढून पुन्हा बघायचे. मालकाला राग यायचा. एका इनामदाराने तर विचारलंच, आमच्या शब्दावर विश्वास नाही का? तेव्हा नाना म्हणाले, "बंदूक रिकामी शे म्हननारा मानूसच रिकामा शे." इनामदार दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे हजर, मिस्त्री उद्धट आहे म्हणून त्याचा परवाना रद्द करा. उद्धटपणासाठी कलम नाही, असं मी त्यांना सांगितलं. असतं तर मी आधी कोणावर लावलं असतं हे मात्र सांगितलं नाही.

आता त्या पाचबारीची गोष्ट.

बोदवडकडच्या एका रावसाहेबांनी मुंबईहून एक नवी बंदूक आणली होती. एकदा चाप ओढला की बार उडतो, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि दुसरं आपोआप आत येतं. असे लागोपाठ पाच. बंदूक स्वतःच स्वतःला भरते हे ऐकून लोक बैलगाड्या करून बघायला गेले होते. तिला सगळे पाचबारी म्हणू लागले. रावसाहेबांनी तिच्या जोरावर सातपुड्यात एक वाघ मारला होता. निदान रावसाहेब तसं म्हणत. रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांचं म्हणणं असं होतं की पहिला बार उडाला, दुसरा अडकला, आणि वाघ थोडा वेळ वाट बघून निघून गेला. दिवाणखान्यात जे कातडं होतं ते कुठून आलं ते देव जाणे.

तर ती पाचबारी अडकली. जळगावच्या दोघा मिस्त्र्यांनी हात टेकले. त्यातल्या एकाने इंजिनं खोलायच्या पक्कडीने तिचे पेच फिरवून पाहिले आणि त्यांच्या डोक्यांची चाळण केली. मग रावसाहेब स्वतः चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला आले. बंदूक दुसऱ्या जिल्ह्यात आणल्याची नोंद माझ्याकडे करायची होती, म्हणून नानांच्या पडवीत मीही होतो. नानांनी नेहमीसारखी तीनदा तपासली. मग नाकाजवळ नेली, वास घेतला.

"रावसाहेब," ते म्हणाले, "तूप शे. गायीचं."

रावसाहेब अभिमानाने म्हणाले की अर्थात गायीचं, घरचं आहे, आम्ही बंदुकीला बाजारी तेल लावत नाही. नानांनी मान हलवली. हिवाळ्याच्या सकाळी डोंगरात तुपाचं काय होतं हे कोणत्याही बाईने रावसाहेबांना सांगितलं असतं, पण बंदुकीच्या बाबतीत बायकांना कोण विचारतो? तूप थिजलं, आतलं सरकणारं सगळं जागच्या जागी बसलं, आणि वाघाला आयुष्य मिळालं.

साफ करायचं म्हणजे खोलायला हवी. रावसाहेबांना वाटलं संध्याकाळी घेऊन जाऊ. नाना म्हणाले, हत्यारं नाहीत, आधी हत्यारं करावी लागतील. त्यांना त्यात दोन महिने लागले. आधी तीन दिवस नुसते बघत बसले. मग एकेका पेचाची खाच काडीने मोजली आणि प्रत्येक पेचासाठी वेगळा पेचकस घडवला. मी म्हटलं, नाना, एका पेचकसाने पाचही पेच फिरतील की. ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी एका बाईला पाच नवरे सुचवतोय. पुढे मग मला कळलं की त्या जातीच्या बंदुकीचे पेच फार नाजूक, खाच अगदी बारीक; पेचकस जरा सैल बसला की घसरतो आणि पेचाचं तोंड फाटतं. "पेचसंगे जबरदस्ती चालत नही, भाऊसाहेब," ते म्हणाले. मला ते नेहमी भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे कारकुनाला तेच म्हणतात.

एकूण हत्यारं झाली अकरा. आता या शब्दाकडे जरा लक्ष असू द्या, सगळा घोटाळा त्यातच आहे. सुताराची करवत-रंधा म्हणजे हत्यारं, न्हाव्याचा वस्तरा म्हणजे हत्यार, आणि तलवार-बंदूक हेही हत्यारच. आम्हाला ते सांगावं लागत नाही, समोरचा माणूस बघून कळतं. अवजार हा शब्द नानांना ठाऊक होता, पण तो त्यांच्या मते नांगर-वखरासाठी. कारागिराच्या हातातलं ते हत्यार, आणि खंडेनवमीला त्याचीच पूजा.

या अकरांना त्यांनी नावं दिली होती, सगळी नात्यातली. नळीखालच्या नळकांड्यात एक हातभर लांब स्प्रिंग असते, सोडली तर डोळा फोडेल अशी. तिला दाबून धरणारा दांडा म्हणजे सासू. पुढची टोपी फिरवायची चावी, तिला फार जपून धरावं लागायचं, तो जावई. बारीक आकडा, कुठेही शिरून लपलेलं बाहेर काढणारा, ती नणंद. पितळेची ठोकणी, खिळी ढकलते पण ओरखडा उठू देत नाही, ती मावशी. डुकराच्या केसांचा जुना ब्रश म्हणजे आजी. सगळ्यांना मांडीवर घेणारा खोबणीचा लाकडी ठोकळा मामा. आणि ते पाच पेचकस म्हणजे पाच जावा, प्रत्येकीचं घर वेगळं, एकीने दुसरीच्या घरात पाऊल टाकायचं नाही. अकरा खणांची खादीची गुंडाळी त्यांच्या बायकोने, भागाअक्कांनी, शिवून दिली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नाना ती उलगडायचे आणि प्रत्येकाला चिंधीने इंजिनाच्या तेलाचं बोट लावायचे. ताप असला तरी हा नेम चुकला नाही.

पाचबारी दुरुस्त झाली. रावसाहेबांनी ती चालवून बघितली, पाचही बार उडाले, आणि जाताना ते सगळ्यांना सांगत गेले की विलायती मालात बिघाड असा कधी नसतोच.

मग बेचाळीसचं साल उजाडलं. तारा तुटत होत्या, रूळ उखडले जात होते, आणि आमच्या कचेरीत जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता. वरून हुकूम आला की ज्याच्याजवळ जी हत्यारे असतील त्याने त्यांची यादी कचेरीत द्यावी. दवंडी पिटली गेली. गल्लीतला न्हावी माझ्याकडे येऊन विचारून गेला की वस्तऱ्यांची यादी द्यायची का. मी त्याला हाकलून दिलं. नानांनी मात्र कोणाला विचारलं नाही. सरकारने हत्यारांची यादी मागितली, आपल्याकडे हत्यारं आहेत, द्यायची. शाळामास्तराकडून लिहून घेतलं: पाचबारी बंदुकीची हत्यारे, नग अकरा.

नवे कलेक्टरसाहेब मराठीची परीक्षा पास होते, म्हणजे त्यांना मराठी येत नव्हतं. सगळे अर्ज इंग्रजीत करून पुढे ठेवायचे. त्या दिवशी माझ्यापुढे दीडेकशे अर्ज होते. मी हत्यारे या शब्दाला शस्त्रे या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. कोश काढून बघा, तोच आहे. 'पाचबारी बंदूक जातीची शस्त्रे, अकरा' एवढंच मी लिहिलं. पुढच्या टेबलाने घाईत त्याचं 'अकरा पाचबारी बंदुका' केलं आणि पोलिसांना कळवलं. म्हणून माझी फक्त अर्धीच चूक, असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं होतं. नानांना मी सतरा वर्षं ओळखत होतो. अर्जावर त्यांचं नाव होतं, आणि मी ते वाचलंही होतं.

भर दुपारी वीस शिपाई आणि दोन बैलगाड्या पांझरा ओलांडून देवपुरात शिरल्या. गाड्या बंदुका लादायला. नाना कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसले होते. फौजदाराने दरडावून विचारलं, हत्यारं कुठे आहेत? नाना म्हणाले, "आठेच शेतस," म्हणजे इथेच आहेत, आणि हात धुऊन गुंडाळी आणून समोर ठेवली. फौजदाराने बाकीची मागितली.

"बठ्ठा अकराच शेतस. गिनी ल्या."

फौजदाराने मोजली. अकरा भरली. अर्जात अकरा, गुंडाळीत अकरा; गुन्हा इतका चोख क्वचितच सापडतो. शिवाय दोन गाड्या रिकाम्या परत न्यायच्या म्हणजे नाचक्की. गुंडाळी एका गाडीत ठेवली, दोन्ही बाजूंना बंदूकधारी शिपाई बसले, आणि दुसऱ्या गाडीत नाना. भागाअक्का दारात उभ्या होत्या. घरची सासू जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्या फौजदाराला म्हणाल्या, "सासूले ली ग्यात ते चांगलं जयं. मावशीले कसाले ली ग्यात?"

पंचनामा हवालदाराने नानांना विचारून विचारून लिहिला होता. सासू नग एक, नणंद नग एक, जावा नग पाच. तो इंग्रजीत करायला पुन्हा माझ्याच टेबलावर आला. मी या वेळी अजिबात हुशारी केली नाही, शब्दाला शब्द ठेवला. साहेबांनी समासात लाल शाईने विचारलं की या स्त्रियांना कुठे ठेवलं आहे, आणि त्यांच्या जेवणाची काय व्यवस्था आहे.

नाना नऊ दिवस कोठडीत होते. मग जामिनावर सुटले, पण हत्यारं मुद्देमालात जमा झाली. कोर्टाने रावसाहेबांना पत्र पाठवलं की ही सामग्री आपल्या बंदुकीच्या दुरुस्तीची आहे काय. रावसाहेबांनी सहीशिक्क्यानिशी कळवलं की आमची बंदूक आजपर्यंत कधी बिघडलेली नाही, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. दिवाणखान्यातला वाघ वाचवायचा होता ना! मग कोर्टाने हुकूम केला की ही हत्यारं आहेत की नाहीत हे बंदुकीच्या जाणकाराकडून ठरवून घ्यावं. आम्ही जाणकारांची यादी काढली. तिच्यात साऱ्या खानदेशात एकच नाव होतं, उखर्डू मिस्त्री, देवपूर. आरोपीला स्वतःविरुद्ध जाणकार म्हणून बोलावता येत नाही. तारखा पडत राहिल्या.

त्या काळात नाना दर सोमवारी कचेरीत यायचे. पायरीवर बसायचे, हातात तेलाची बाटली. माझ्या टेबलाशी येऊन एकच मागणं. "नका दिऊत परत. पन तेल तरी लावू द्या. जंग चढी जाई." मी सांगायचो की मुद्देमालाला हात लावता येत नाही. ते मान हलवायचे आणि जाऊन परत पायरीवर बसायचे. मला घास गोड लागत नव्हता, खोटं कशाला सांगू. एकदा मी म्हटलं, नाना, दुसरी करून का घेत नाही? ते म्हणाले, "एक सासू जित्ती व्हताना दुसरी कोन करस?" मग जरा वेळाने चष्मा पुसत म्हणाले की डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, ती बारीक खाच आता दिसत नाही. जी आहेत ती हाताला पाठ आहेत, नवी होणार नाहीत. तेव्हा मला समजलं की तिथे आत गंजत पडलंय ते या माणसाचं उरलेलं सगळं काम आहे.

रावसाहेबांची पाचबारी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अडकली. त्यांनी चोरून माणूस पाठवला. नानांनी निरोप दिला, "तुमनी बंदूक कधी बिघडेलच नही. मंग मी काय दुरुस्त करू?" हे सगळ्या देवपुराला दोन दिवसांत पाठ झालं.

आणि मग साहेबांचीच बंदूक अडकली. त्यांच्याकडेही त्याच जातीची होती. सातपुड्याच्या पायथ्याला मुक्काम टाकून चार दिवस धुळीत हिंडले, आणि परत आले ते तिला पाळण्यातल्या पोरासारखं उचलून. मुंबईला पाठवली तर सहा महिने. कोणीतरी नानांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, बोलवा. मी चाचरत सांगितलं की तो आरोपी आहे. साहेब म्हणाले, तरी बोलवा. मी सांगितलं की त्याची हत्यारं आपल्याच मुद्देमालात आहेत. साहेबांनी थोडा विचार केला आणि विचारलं की बंदूक आणि त्या हत्यारांत किती अंतर आहे. मी म्हटलं, दोन खोल्या.

अशा रीतीने सरकारविरुद्ध अकरा शस्त्रं बाळगणारा इसम सरकारच्या टेबलापाशी उभा राहिला, आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या नाझराने ती अकरा शस्त्रं मोजून त्याच्या पुढ्यात मांडली. दाराशी दोन शिपाई. साहेबांचा पट्टेवाला बंदूक पुढे करत म्हणाला, घ्या, रिकामी आहे.

नानांनी नळी खिडकीबाहेर, रिकाम्या भिंतीकडे केली आणि खटका मागे ओढला. एक काडतूस निघालं, टेबलावरून गडगडत गेलं आणि साहेबांच्या दौतीला लागून थांबलं. नानांनी पट्टेवाल्याकडेही पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. माझ्याकडे मात्र एकदा पाहिलं, आणि मला त्या इनामदाराची आठवण होऊन हसू दाबावं लागलं.

मग त्यांनी काम केलं. दीड वर्षाने हत्यारं हाताला लागली होती. सासूने स्प्रिंग दाबली, मावशीने खिळी काढली, जावा आपापल्या घरी गेल्या. मला वाटलं होतं भराभर उरकतील. नाही. एकेक हत्यार उचलायचे, अंगठ्याने चाचपायचे, गंजाचा ठिपका दिसला की आधी तो राखेने घासायचे आणि मगच बंदुकीला लावायचे. साहेब समोर बसून सगळं बघत होते, फायली तशाच पडल्या होत्या. दुपारच्या आत बंदूक जोडून झाली. साहेब खूश झाले, म्हणाले काय हवं ते माग. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता हत्यारं मागणार. नानांनी बाटली वर केली.

"दर महिनाले तेल लावू द्या."

साहेबांनी लेखी हुकूम काढला. आरोपी इसमास दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, परवाना कारकुनाच्या समक्ष, आपल्या अकरा शस्त्रांस तेल लावण्याची मुभा असावी. असा हुकूम साऱ्या मुलखात दुसरा निघाला नसेल. एवढं होऊनसुद्धा हत्यारं परत द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण ती बाब कोर्टाची होती.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आणि नाना मुद्देमालाच्या खोलीत समोरासमोर बसायचो. दाराशी शिपाई त्यांचे खिसे चाचपायचा. नाना तेल लावायचे, मी चिंधीने पुसायचो. नियमात मी फक्त बघायचं होतं, पण बघवेना. त्या खोलीच्या दाराची वरची बिजागरी करकरायची, तिचा एक पेच ढिला होता. पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, सरकारी दार आहे, बांधकाम खात्याला लिहावं लागेल. लिहिलं. उत्तर आलं नाही. दर महिन्याला दार करकरायचं, नाना वर बघायचे, आणि मी खाली बघायचो. खंडेनवमीला नाझर खजिन्याच्या रायफलींबरोबर ही अकराही पूजेला मांडायचा, नोंदीत हत्यारे लिहिलं होतं ना! नाना लांबून हात जोडायचे आणि दुसऱ्या महिन्यात ओल्या कुंकवाचे डाग काढत बसायचे.

सत्तेचाळीस साली राज्य बदललं. जुने खटले काढून घेतले, त्यात नानांचाही होता. हुकूम आला: आरोपीस त्याच्या अकरा पाचबारी बंदुका परत कराव्यात. नाझर म्हणाला, माझ्याकडे बंदुका नाहीत. जे आहे ते देतो, पण पावती हुकुमाप्रमाणेच हवी. नानांपुढे पावती ठेवली. मी वाचून दाखवली.

"अकरा बंदुका लिधात असं लिखी दिऊ?" नाना म्हणाले. "उद्या तुमीच गिनाले येशात."

ते खरंच होतं. अंगठा दिला असता, तर पुन्हा त्या दोन बैलगाड्या निघाल्या असत्या. नाना अंगठा न देता पायरीवर जाऊन बसले. या वेळी त्यांचे डोळे बरेच गेले होते, पायरी चाचपत उतरले. हुकूम दुरुस्त करायचा तर मूळ चूक कुठे झाली ते कागदावर यायला हवं होतं, आणि ते ज्याला ठाऊक होतं तो आपला कोश घेऊन गप्प बसला होता. माझं नाव त्या महिन्यात अव्वल कारकुनाच्या जागेसाठी गेलं होतं. मी तीन दिवस जेवलो नाही की झोपलो नाही असं म्हणणार नाही. जेवलो, झोपलोही. चौथ्या दिवशी मात्र कागद ओढला आणि लिहिलं की सदर भाषांतर माझ्या हातचे असून, हत्यारे म्हणजे येथे कारागिराची साधने, हे मला ठाऊक असताना मी निष्काळजीपणे शस्त्रे असे लिहिले. खाली सही केली. अव्वल कारकून मी झालो नाही. शेरा पडला, तो अजून माझ्या नोंदीत आहे.

नवी पावती झाली. नानांनी अंगठा दिला, गुंडाळी उलगडून एकेक हत्यार बोटांनी चाचपलं. अकरा. मी म्हटलं, नाना, ती चूक माझी होती.

"ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "तेल लावताना तुमी मना तोंडाकडे कधी देखंच नही."

त्यांनी गुंडाळी बांधली, उठले आणि दाराशी थांबले. त्या दिवशी खिसे बघायला शिपाई नव्हता. बंडीच्या खिशातून त्यांनी एक आखूड पेचकस काढला, शेंड्याला वाकवलेला, कारण त्या बिजागरीचा पेच चौकटीच्या कोपऱ्यात होता आणि सरळ पेचकस तिथे बसला नसता. दिसत तर नव्हतं. डाव्या हाताने खाच शोधली, उजव्याने तीन फेरे दिले. दार ओढून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आवाज न करता लागलं. मग पेचकस माझ्या हातात दिला.

"हाई बारावं. यादीमा लिखू नका."

मी विचारलं, याचं नाव काय ठेवलं?

"भाऊसाहेब," नाना म्हणाले. "जरासं वाकडं शे, पन काम करस."

आणि गुंडाळी काखेत मारून ते निघाले. आवारात भागाअक्का थांबल्या होत्या, त्यांनी हात धरला. पांझरेच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दोघांना बघत होतो. नानांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ते हत्यार माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी त्याला तेल लावतो.